माझ्या नंबरवर माने पोहला

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही, देवासमोर हात जोडतानाही — नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि आता तुम्हाला सांगतोय. तुमची-माझी ओळख नाही, पण मित्रच समजतो. मित्रासमोर अडखळलं तर चालतं, नाही का?

आधी चांगलं सांगू? सांगतोच. फौजी माणूस आहे, थोडी बढाई मारल्याशिवाय जेवण पचत नाही.

पॅसिफिकमधल्या एका बेटाला वादळाने झोडपलं होतं आणि आमची इंजिनिअर तुकडी तिथे मदतीला गेली होती. काय दिवस होते! पहाटे पीटी, मग चहा, मग दिवसभर हातोडे. आम्ही शाळेवर छप्पर चढवलं, दवाखान्यावर चढवलं, गोड्या पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या. संध्याकाळी गावातल्या बायका भाजलेले नीरफणस घेऊन यायच्या, आमचा लंगर, म्हणजे फौजेची खानावळ, त्यांना गरम पुऱ्या वाढायचा. टाकीच्या नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा अख्खं गाव नाचलं आणि आम्हीही नाचलो. आजही आठवलं की छाती फुगते.

जहाज लागायचा धक्का मात्र वादळात वाहून गेला होता. त्यामुळे जहाजावरचं सामान होड्यांत उतरवायचं, खडकांमधल्या फटीतून होडी आणायची आणि कमरेइतक्या पाण्यात रांग लावून पोती किनाऱ्यावर न्यायची. रांगेच्या टोकाला एक जण कोरडा उभा असे. त्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक माडाला. कुणी बुडायला लागला की त्याने उडी घ्यायची, त्याला धरायचं, आणि बाकीच्यांनी दोघांना ओढायचं. हे काम पोहण्याच्या परीक्षेत पास झालेल्याचं. मी पास होतो.

मी — माणदेशातला! आमच्याकडे विहिरीचा तळ आधी दिसतो, पाणी नंतर. मग पास कसा झालो? फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. माझा बडी माने, कृष्णाकाठचा, पक्का पोहणारा. ट्रेनिंगमध्ये छातीवर नंबर लावून तलावात उतरायचं होतं. माने स्वतःच्या नंबरवर पोहला, झुडपाआड बनियन बदलली आणि माझ्या नंबरवर पुन्हा पोहून आला. सगळ्यांचीच डोकी भादरलेली, त्यात ओली — कोण कुणाला ओळखतो? आम्ही आठवडाभर हसत होतो.

त्या दुपारी लाट आडवी आली आणि होडी उलटली. होडीत माने होता. एकदा त्याचं डोकं वर आलं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याचकडे — दोर माझ्याच कमरेला होता ना!

मी काय केलं? तुम्हाला वाटेल, मी गोठलो. तसं असतं तरी बरं होतं. मी पाठ फिरवली, कमरेची गाठ सोडली — माझ्या या दोन हातांनी — आणि ओरडलो, "गाठ सुटली! गाठ सुटली!"

मानेला तिथल्या कोळ्यांनी बाहेर काढलं. खडकावर आपटून त्याच्या उजव्या खांद्याचा चुराडा झाला होता. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. माने पुन्हा पोहलाही नाही.

पुढे बायकोला आयर्लंडमधल्या टॅला गावच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली, आणि मी पेन्शन घेऊन तिच्यामागे इथे आलो. एका औषधाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. इथल्या मराठी मंडळात गणपतीला कुणीतरी म्हणालं, फौजेतलं काहीतरी सांगा की! मी बेटाची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता — उडी मारली. काय टाळ्या पडल्या! दरवर्षी लाटा उंच होत गेल्या. पुढे तर एक शार्कही आला.

मागच्या उन्हाळ्यात माने इथे आला. त्याचा मुलगा इथेच जवळ, सँडीफोर्डला नोकरी करतो. जेवताना आमच्या मुलीने, इराने त्याला विचारलं, "काका, बाबांनी तुम्हाला रिअली वाचवलं ना?"

मानेने पोळीचा घास डाव्या हाताने खाली ठेवला आणि म्हणाला, "व्हय की पोरी. तुझ्या बापानंच काढलं मला भाईर."

दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा माने माझ्या नंबरवर पोहला होता.

पुढच्याच सोमवारी मी तरणतलावावर नाव घातलं. उथळ बाजूला, लहान पोरांच्या शेजारी, फळीला मिठी मारून. शिकवणारी बाई रोज म्हणायची, "यू आर ग्रँड!" कुठला ग्रँड? पोटभर पाणी प्यायचो आणि घरी यायचो. पण सोडलं नाही. हिवाळाभर गेलो. एक दिवस पाय तळाला टेकले नाहीत, तरी मी वरच होतो!

आणि गेल्या रविवारी, यंदा माने पुन्हा आलेला असताना, सगळ्यांना समुद्रावर घेऊन गेलो. उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं पाणी. मी खडकावरून उडी मारली — खरी उडी — पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला हात लावला आणि परत आलो. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नाही. इथले चार म्हातारे पोहणारेसुद्धा टाळ्या वाजवत होते. इरा ओरडली, "सो धिस इज हाऊ यू सेव्ह्ड माने काका!"

पुन्हा टाळ्याच. घ्यायच्या?

"नाही," मी म्हणालो. "मी त्याला वाचवलं नाही. मी दोर सोडला आणि गाठ सुटली म्हणून ओरडलो. मला पोहताच येत नव्हतं." दात वाजत होते, पण सगळं बोललो, शार्कसकट. बोयापर्यंत जाणं त्यापेक्षा सोपं होतं. जिंकलो असं वाटलं ते तेव्हा.

मी मानेकडे वळलो. होडी उलटली तेव्हा तो लाटेत होता, त्याला काय दिसणार, काय ऐकू येणार — इतकी वर्षं मी हेच धरून बसलो होतो.

"मला ठावं हाय," माने म्हणाला. "त्या सकाळी गाठ म्याच बांधली व्हती. माझी गाठ सुटत न्हाई."

मग तो माझ्या डोक्यावर टॉवेल टाकायला पुढे आला. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मी खाली वाकलो.