आप्पा फरशी वाजवतात तेव्हा

बिल्डरच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. आमच्याकडे तर विचारूच नका! आमचे मालक आप्पा मूळचे चांदवडचे. सुरुवातीला अंबडच्या कारखान्यांच्या भिंतींवर पाणी मारायचे, मग गवंडी झाले, आणि आता नाशिकमध्ये त्यांचे दहा-बारा टॉवर उभे आहेत. पण सवय जात नाही. फरशी दिसली की खाली पोकळ राहिलीय का, हे आप्पा नाण्यानं वाजवून बघणारच!

*

माझा इंटरव्ह्यू. मी सर्टिफिकेटांची फाईल पुढे केली. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. बूट काढ, डोळे मीट अन् या फ्लॅटमधून चाल."

चाललो. घाबरतच म्हणालो, "आप्पा, बाथरूमचा उतार उलटा आहे. पाणी हॉलमध्ये येईल."

"नोकरी पक्की! आता तो उतार सरळ कर."

*

सेल्सच्या नव्या मॅनेजरनं ब्रोशरवर छापलं, 'रिव्हर व्ह्यू!' आप्पा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. "नदी कुठंय?"

"सर, गच्चीवरच्या टाकीवरून दिसते."

"मग गिऱ्हाइकाला काय टाकीवर ऱ्हायला पाठवू?"

ब्रोशर बदललं. 'नदी दिसत नाही. घर उत्तम आहे.' महिन्यात सगळे फ्लॅट गेले! मॅनेजर अजून सावरलेला नाही.

*

मुंबईच्या एका फाइव्ह स्टार हॉटेलात आप्पांना अवॉर्ड होतं. स्टेजवरून तीनदा नाव पुकारलं, आप्पा गायब! मी धावत लॉबीत गेलो. आप्पा नव्या सुटात गुडघ्यांवर बसलेले, शेजारी हॉटेलचा मॅनेजर घामाघूम.

"तीन फरश्या पोकळ हायेत," आप्पा त्याला दाखवत होते. "एखादा पाहुणा पडंल ना!"

*

आता सगळ्यांत भारी.

आमच्या साइटवर नियम कडक. पोकळ फरशी सापडली, तर ज्यानं लावली त्यानंच फोडायची. दुसऱ्यांदा सापडली, तर त्याचं आमच्याकडचं काम कायमचं बंद! सुरगाण्याचा सीताराम मिस्त्री पंधरा वर्षं आमच्याकडे आहे. त्याची एक सापडून झाली होती. तेव्हापासून बिचारा जीव मुठीत धरून फरश्या लावायचा.

आप्पांच्या स्वतःच्या बंगल्याचं काम त्याच्याकडेच होतं. वास्तुशांतीच्या दिवशी आप्पा सोवळं नेसून पूजेला बसले. गुरुजींनी विड्यावर नाणं ठेवायला दिलं, आणि हात गेला ना खाली! टक. टक. टक.

"पोकळ!"

गुरुजी थांबले. पाहुणे थांबले. इतका चांगला माणूस हातचा जाणार होता हो!

"सीताराम, ही कोणी लावली?"

सीताराम मान खाली घालून म्हणाला, "माझीच चूक, शेठ. उद्यापासून नाय येत."

शेजारी बसलेल्या काकू, म्हणजे आप्पांच्या मिसेस, एकदम उसळल्या. "अहो, त्याला काय विचारता? देवघरासमोरची ही एक फरशी तुम्हीच नाही का लावली, त्याला बाजूला सारून? फोटो आहे माझ्याकडे!"

आप्पांनी उपरणं कमरेला खोचलं.

"सीताराम, छन्नी-हातोडा आण. अन् बस इथं माझ्यापाशी."

"आप्पा, मुहूर्त टळतोय!" गुरुजी कळवळले आणि त्यांनी घाईघाईनं मंत्र सुरू केले.

आप्पा फरशी फोडता फोडता ओरडले, "गुरुजी, जरा हळू म्हणा! सीताराम काय शिकवतोय, ते ऐकू येत नाय!"