कॉलरवरचं रफू

टोपल्या विणणाऱ्या म्हातारीची जीभ तिच्या कात्रीहून धारदार. जुने कपडे घेऊन कुणी दारात आलं, की आधी त्याचा उद्धार व्हायचा. "घामट चिंध्या वर्षानुवर्षं घालता आणि शेवटी माझ्या माथी मारता होय!" मग गाठोडं ठेवून घ्यायची. कपडा कुणाचाही असो, आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात, मगच त्याच्या पट्ट्या. वाळल्या गवताचा पीळ धरायचा, त्यावर पट्टी गुंडाळायची आणि फेऱ्याला फेरा टाचत टोपली वर न्यायची. धान्य ठेवा नाहीतर खेळणी, वीस वर्षं हलणार नाही, असं ती छातीठोक सांगायची.

सांगितलं नव्हतं ते एवढंच, की वर्षभरापासून तिला नीट दिसत नव्हतं. झाकली मूठ! सुती कोणतं, लोकर कोणती, सगळं बोटांना कळायचं. सुनेला समजलं असतं तर तिनं कात्रीच काढून घेतली असती. आणि काम गेल्यावर म्हातारीनं करायचं काय? पोराला आठवत बसायचं? चार महिन्यांपूर्वी चुनाभट्टीची भिंत त्याच्या अंगावर आली होती.

सुनेनं त्याचा अपघाताच्या आदल्या दिवशीचा शर्ट जपला होता, न धुतलेला. रोज पेटीतून काढायची, तोंड खुपसून बसायची, परत ठेवायची. वास उडू नये म्हणून पेटीचं झाकण लगेच लावायची. वेडेपणाच तो, पण दुःखाला कुठे शहाणपण असतं!

मंगळवारी पेटीला वाळवी लागलेली दिसली. सुनेनं घाईघाईनं पेटी उन्हात नेली, शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि उशीर झाला म्हणून तशीच कामावर पळाली. खुर्चीजवळच एक गाठोडं सुटून पडलं होतं. म्हातारीनं हात फिरवला, लागलं ते सगळं कवेत घेतलं आणि उकळत्या पातेल्यात लोटलं.

दुपारी पट्ट्या फाडताना एका कॉलरवर बोटांना रफू लागलं. दाट, गाठीगाठींचं. ती चक्क खूश झाली. "माझ्यासारखाच टाका घालणारी आई आहे गं बाई कुणीतरी," असं पुटपुटत तिनं ती पट्टी टोपलीत वळवली.

संध्याकाळी सून आली. "आई, खुर्चीवरचा शर्ट उचललात का?"

म्हातारीचा हात टोपलीतल्या त्या रफूवर गेला. वाऱ्यानं उडाला असेल, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण त्या धारदार जिभेला खोटं जमेना.

"मला दिसत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "वर्ष झालं. मीच उकळला तो. या टोपलीत आहे."

सुनेनं टोपली ओढून घेतली आणि आत तोंड घातलं.

"सोडा," ती म्हणाली. "नुसता सोडा येतोय, आई."

"शिव्या दे मला. मार. मी मेले असते तर बरं झालं असतं."

म्हातारीच्या मांडीवरची कात्री सुनेनं उचलली. "उद्यापासून कापड मी निवडेन." म्हातारीनं तिला अडवलं नाही.

सून टोपली फिरवत राहिली. "कुठाय तो? सगळं निळंच आहे."

म्हातारीनं चाचपत तिचं बोट धरलं आणि खालून चौथ्या फेऱ्यावर नेऊन टेकवलं. "हे बघ, रफू. कसं आलंय गं? घातलं तेव्हाही मला दिसलं नव्हतं."

"तिरकं," सून म्हणाली.