किल्लेदार आणि आमचे दाजी

माझ्या नणंदेच्या नवऱ्याची चांदवडातली अब्रू मी एका रविवारी सकाळी, चहाला उकळी येईपर्यंत घालवली. मुद्दाम नाही. मुद्दाम काही करायला मला वेळ कुठे असतो?

नणंद म्हणजे अक्का, माझ्या नवऱ्याची, सुनीलची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, चांदवडला कांद्याची शेती करतात. यंदा अक्का एक मोठी बॅग घेऊन नाशिकला आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता मी तिकडे जायची नाय. भांडण कशावरून, तर 'किल्लेदार घरी नाहीत' या जुन्या विनोदी मालिकेवरून. पेशवाईतला एक आडबाजूचा किल्ला, कधीच न येणारा शत्रू आणि त्याची वाट बघणारा बढाईखोर, भित्रा किल्लेदार, अशी ती मालिका. ती हल्ली दुपारी पुन्हा दाखवतात आणि नेमक्या त्याच वेळी दाजींना बातम्यांत कांद्याचा भाव बघायचा असतो. दाजींनी रिमोट काढून घेतला आणि मालिकेला 'बाष्कळ' म्हटलं. अक्कांनी एसटी पकडली.

मी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. दिवसभर ट्रकवाल्यांशी आणि संध्याकाळी तिथल्या सिग्नलशी झुंजून घरी यावं, तर स्वयंपाकघरात मिठाची जागा बदललेली. दुसऱ्या दिवशी डाळींची. मग माझ्या कढईवर त्यांनी मत दिलं, मग माझ्या फोडणीवर. नंतर नंतर मी चहासुद्धा विचारून करू लागले. (स्वतःच्या घरात. स्वतःच्या गॅसवर.) अक्का चांदवडला परत जाणं हा आता दाजींच्या संसाराचा प्रश्न उरला नव्हता, माझ्या संसाराचा झाला होता.

माझी मुलगी मुक्ता कॉलेजात आहे. ती म्हणाली, आत्या दिवसभर त्या मालिकेवर बोलतेच, तर तिचा पॉडकास्ट काढू या. अक्कांनी विचारलं, ते काय असतं?

"तू बोलायचं आणि लोकांनी मध्ये न बोलता ऐकायचं," मुक्ता म्हणाली.

"अशी सोय असते? मग आधी का नाय सांगितलं?"

मला कल्पना एकदम पटली. अक्का बेडरूममध्ये बसून बोलतील, स्वयंपाकघर मोकळं होईल, बोलून बोलून राग निवेल आणि बॅग भरली जाईल. आवाज घुमू नये म्हणून मी स्वतः दाराखिडक्यांवर गोधड्या टांगल्या. पंखा बंद केला. कुकर लावायचा नाही असं ठरलं, म्हणजे शिट्ट्यांचा प्रश्न मिटला आणि जेवणाचा सुरू झाला. सुनीलने जाहीर केलं की प्रस्तावना तो करणार. तो पेशव्यांच्या कारभारापासून सुरू झाला. किल्ला म्हणजे काय, तोफ म्हणजे काय, शत्रू म्हणजे काय, हे सगळं त्याने इतकं समजावून सांगितलं, की गोधड्यांच्या त्या उकाड्यात मला शत्रूचाच आधार वाटू लागला.

मग अक्कांची पाळी आली आणि गाडी पहिल्याच वाक्याला अडली. मालिकेतल्या किल्लेदाराचं नाव दौलतराव. आमच्या दाजींचं नावही दौलतराव. आणि लग्नात उखाणा घेतला त्यानंतर अक्कांनी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या शेजारणीकडे बघतात.

"आत्या, अगं हा किल्लेदार आहे, आतोबा नाहीत," मुक्ता म्हणाली.

"नाव तर तेच हाय ना?"

"मग नुसतं किल्लेदार म्हण."

अक्कांनी प्रयत्न केला. पण सवय कुठे जाते? दोन वाक्यांत किल्लेदाराचे 'हे' झाले. हे असं म्हणाले, ह्यांनी तसं केलं. कोण 'हे' ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि अक्का बोलल्या फार छान! मीसुद्धा हसले, आणि कढई प्रकरणानंतर हे सोपं नव्हतं.

हे नमुन्याचं ध्वनिमुद्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं, चार लोकांनी कौतुक केलं की अक्कांचा राग आणखी उतरेल, असा व्यवहारी विचार मी केला. फक्त लांबी फार होती. कापायचं कसं ते मुक्ताने मला शिकवलं होतं. मी सुनीलची प्रस्तावना आणि अक्कांची अडखळती पहिली वाक्यं पूर्ण उडवली, मागचा त्याचा समारोपही उडवला. किल्ला, तोफ, पेशवे आणि मालिकेचं नाव, जे काही होतं ते त्या उडवलेल्या भागातच होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं, उरलेलं ग्रुपवर पाठवलं आणि वर लिहिलं, 'अक्का पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलल्या आहेत. शेवटपर्यंत ऐका.'

लोकांनी ऐकलं ते असं:

"हे म्हणजे नुसते बोलायला वाघ. दारात कुणी परका माणूस आला की हे कोठारात जाऊन लपायचे आणि बायकोला पुढं करायचे. पलीकडच्या बाईला चोरून निरोप पाठवायचे. एवढं वय झालं, पण मिशीला काळं फासून तिच्यासमोरून मिरवायचे. बायकोला सगळं कळत होतं. पण ती हसायची. म्हणायची, असू दे, माणूस मनानं वाईट नाय."

चहा गाळून होईपर्यंत दाजींच्या चुलत वहिनींचा फोन आला. आवाज बर्फासारखा. "पलीकडची बाई म्हणजे कोण? दौलतभाऊजींच्या घरापलीकडं तर आम्हीच राहतो."

मी म्हटलं, वहिनी, ते किल्ल्यावरचं आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे किल्ल्यावर भेटत होते? मी पेशव्यांचं नाव काढलं, तर त्यांनी आमच्या गावात या आडनावाचं कुणी नाही असं सांगून फोन ठेवला. पाठोपाठ एका मावशींनी फोन करून अक्कांच्या सोशिकपणाचं कौतुक केलं आणि मी त्यांना वेळीच आसरा दिला म्हणून माझंही केलं. मी घाईघाईने ग्रुपवर सुनीलची प्रस्तावना टाकली. ती कुणीही ऐकली नाही.

दुपारी दाजी आले. मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता सरळ आत. अक्का भाजी चिरत होत्या. (माझी भाजी, माझ्या विळीवर.) आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. मला एवढंच दिसत होतं, की आता हे नातं तुटलं तर अक्का जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात.

दाजी खुर्चीत बसले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. पण मिशीचं तुला कुणी सांगितलं?"

अक्कांनी विळी आडवी केली. उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि वाकून नीट बघितलं.

"तुम्ही मिशी रंगवता?"

दाजींचा चेहरा पडला. अक्का आधी ओठ दाबून हसल्या, मग पदर तोंडाला लावून, मग तोही सोडून. म्हणाल्या, "आवो, ते मालिकेतलं हाय. किल्लेदाराचं." दाजींना पटेना. शेवटी मुक्ताने तो भाग मोबाइलवर लावला. किल्लेदार आरशासमोर मिशीला काजळी लावतो तिथे दाजी हसले. कोठारात लपतो तिथे डोळे पुसू लागले. संपल्यावर म्हणाले, "पण बायकोनं त्याला असं माफ करणं चूक हाय."

"चूक कशी? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मग लाव पुढचा. दाखवतो."

मी आनंदाने अक्कांची बॅग पलंगाखालून ओढून काढली. मुक्ता माझ्या कानात म्हणाली, आई, हे दोघं असे भांडले तर पॉडकास्ट काय रंगेल! तेवढं तिने माझ्याच कानात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्यांनाही सांगितलं.

आता दाजी आमच्याकडेच आहेत. चांदवडला त्या घरात आवाज फार घुमतो, म्हणून ध्वनिमुद्रण इथेच, म्हणजे आमच्या बेडरूममध्ये होतं. आम्ही हॉलमध्ये झोपतो. दाजींना फोडणीत लसूण जास्त लागतो, त्यामुळे फोडणीवर आता दोन मतं असतात. पॉडकास्टचं नियोजन जोरात चालू आहे, पहिला भाग मात्र अजून आलेला नाही, कारण तो कुठून सुरू करावा यावर दोघांचं एकमत नाही.

मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला आहे. चांदवडचं घर बंद आहे, कुणीतरी जाऊन राहायला हवं. तिथे मीठ मी ठेवीन तिथेच राहील. अक्कांना नांदायला पाठवण्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि निघाले आहे मी.