हाताचा रेडिओ

लाईन गेली की आमची गल्ली वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि श्रावणजी उठून हात धुवायला जात. अंधार झाल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर उजेड येतो असा मी पाहिलेला तो एकच माणूस. ओले हात धोतराला पुसत ते आत जात, एक लाकडी पाट बगलेत मारून ओट्यावर येत आणि विचारत, "कोणाकोणाले आयकाचं आहे?" गल्लीने त्यांचं नाव 'लाईनमन' ठेवलं होतं. खरा लाईनमन आमच्याकडे फारसा कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे घोटाळा होण्याचा प्रश्नच नव्हता.

धंद्याने ते विणकर. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागाची. मी शेजारच्या घरात भाडेकरू, शाळेत मास्तर. त्यांच्या मागाची खटखट माझ्या भिंतीतून ऐकू येई आणि माझं वह्या तपासताना पुटपुटणं त्यांना ऐकू जाई, असं ते सांगत. त्यांचा एकुलता एक मुलगा गजानन पलटणीत होता. तो एकदा सुटीवर येताना ट्रान्झिस्टर घेऊन आला. महिनाभरात त्याचे सेल संपले. श्रावणजींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "याले खायाले लागते तं दुकानातून काहून आणाचं? घरचंच देऊ."

घरचं म्हणजे चरखा. मागावर आडवा दोरा घालायचा तर तो आधी लहान कांड्यांवर गुंडाळावा लागतो, आणि त्या कांड्या चरख्यावर भरतात. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या बोटांतून दोरा सोडायचा. श्रावणजींनी एक छोटा चरखा पाटावर बसवला, त्याच्या चाकाची माळ, म्हणजे चाकावरून फिरणारी दोरी, सायकलच्या डायनॅमोवर घेतली आणि ट्रान्झिस्टर लुगड्याच्या किनारीने पाटाला बांधून टाकला. मधल्या जोडणीसाठी चौकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने एक डबी बसवून दिली. तिच्यात काय आहे हे त्यालाही धड सांगता येत नसे. पण चाक फिरलं की रेडिओ बोले, आणि थांबलं की गप्प होई.

"हात सारखा पाहिजे, मास्तर," ते मला शिकवत. "घाई केली तं चिरकते, सुस्ती केली तं मरते." मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बातम्या देणारी बाई किंचाळली, दुसऱ्यांदा तिला झोप लागली आणि तिसऱ्यांदा श्रावणजींनी पाट काढून घेतला.

आणखी एक गोष्ट मला कधी पटली नाही. ते चाक कधीही रिकामं फिरवत नसत. नुसता रेडिओ ऐकायचा असला तरी आधी चातीवर, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईवर, कांडी चढवायचे, दोरा लावायचे, मगच चाकाच्या मुठीला हात. रिकामा चरखा फिरवला तर बाहेर गेलेलं घरचं माणूस परतून येत नाही, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, "श्रावणजी, दोऱ्याचा आणि रेडिओचा काय संबंध?" ते म्हणाले, "रेडिओचा काहीच नाही. माह्या पोराचा आहे."

त्या काळात आमच्या भागात जे जे स्थापन होई त्याचे अध्यक्ष एकच गृहस्थ असत. लाकडाची वखार चालवीत आणि उरलेल्या वेळात भाषणं करीत. वाचनालयाच्या उद्घाटनात त्यांचं भाषण ऐन रंगात असताना लाईन गेली आणि लाऊडस्पीकर बंद पडला. त्यांनी माणूस पाठवून श्रावणजींना यंत्रासकट बोलावून घेतलं. श्रावणजींनी मंचाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हे आयकाचं यंत्र आहे. बोलाचं नाही." त्या संध्याकाळी वाचनालयाचं उद्घाटन वेळेवर आटोपलं.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला, आणि लढाई पेटली. अध्यक्षसाहेब आता नागरी संरक्षणाचे अध्यक्ष झाले. ब्लॅकआउटमध्ये शिट्टी फुंकत फिरायचे. त्यांची टोपी इतकी पांढरीशुभ्र होती की शत्रूचं विमान नागपुरापर्यंत आलं असतं तर त्याला दुसरी खूण लागली नसती. आमची करमणूक झाली. लढाई दोन आठवड्यांत संपली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पलटणीकडून कागद आला. गजानन पश्चिमेच्या आघाडीवरून बेपत्ता होता.

कागद मी वाचून दाखवला. श्रावणजींच्या घरधनीण सोनाबाईंनी विचारलं, "बेपत्ता म्हंजे काय जी?"

"म्हंजे त्यायलेही माईत नाही," श्रावणजी म्हणाले.

कोणीतरी सांगितलं की सीमेपलीकडच्या रेडिओ केंद्रावरून रोज दिवेलागणीला, पकडलेल्या आपल्या जवानांची नावं वाचतात. हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव. माझा विजेवरचा रेडिओ होता, पण नेमकी त्याच वेळी लाईन जाण्याची आमच्याकडे तेव्हा रीतच पडली होती, आणि सेल दुकानातून नाहीसे झाले होते. तेव्हा रोज संध्याकाळी श्रावणजी ओट्यावर पाट मांडीत, कांडी चढवीत, दोरा लावीत आणि चाक फिरवायला लागत. मी कंदिलाजवळ वही-पेन्सिल घेऊन बसे. सोनाबाई दाराच्या चौकटीला टेकून. खरखरीतून एकेक नाव वर येई आणि मी ते उतरवून घेई.

पहिल्या दिवशी यादी संपली, तेव्हा श्रावणजी म्हणाले, "आता कार्डं लिवा."

"कसली कार्डं?"

"हे जे पोरं आहेत, त्यायचे मायबाप आपल्यासारखेच बसून राहिले असन ना? त्यायच्याजवळ हे यंत्र थोडीच आहे!"

मजकूर त्यांनीच सांगितला आणि तो पुढे कधी बदलला नाही. 'तुमचा मुलगा जिता आहे. आम्ही आमच्या कानानं आयकलं. काळजी करू नका. जेवत जा.' मी 'जिता'चं 'जिवंत' केलं, ते त्यांनी चालवून घेतलं. शेवटचं वाक्य गाळून पाहिलं, तेव्हा मात्र ते ऐकेनात. "तेच तं महत्त्वाचं आहे, गा," ते म्हणाले. सोनाबाईंचं संध्याकाळचं जेवण सुटलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हिवाळाभर आम्ही कार्डं लिहिली. पंजाबात, गढवालात, कोकणात, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात. उत्तरं येऊ लागली. काही मला वाचता न येणाऱ्या लिपीत असत, तरी श्रावणजी ती हातात घेऊन बराच वेळ पाहत. एवढ्या परक्या घरांत त्या ओट्यावरून आनंद पोचला, पण ज्याच्यासाठी यंत्र फिरत होतं त्याचं नाव काही येईना.

जानेवारीतली एक संध्याकाळ. लाईन नव्हती. थंडीने दोरा कोरडा पडला होता. निवेदकाने म्हटलं, "सिपाही गजानन," आणि दोरा तुटला.

चाळीस वर्षं कांड्या भरलेला हात. दोरा तुटला की तो थांबतो, त्याला विचारावं लागत नाही. श्रावणजींचा उजवा हात थांबला, डाव्या हाताची बोटं जिभेला लागली आणि ते तुटली टोकं जुळवून गाठ मारू लागले. रेडिओ मेला होता.

"अजी, फिरवा ना!" सोनाबाई ओरडल्या. "फिरवा ना जी, नाव घेतलं त्यानं!"

श्रावणजींनी बोटांतल्या गाठीकडे पाहिलं. मग दोरा तसाच सोडून दोन्ही हातांनी मूठ धरून चाक फिरवलं, जोरात, रेडिओ चिरकला, आणि त्यातून नायक हुद्द्याच्या कोणाचं तरी नाव आलं, दुसऱ्या बापाचं, दुसऱ्या गावचं. आमची वेळ निघून गेली होती. ती यादी पुन्हा कधी वाचली गेली नाही. मी पलटणीला पत्र घातलं. तिथून उत्तर आलं की शोध चालू आहे.

त्या दिवसापासून श्रावणजी त्या दोन शब्दांवर जगले. गजानन नावाचे शिपाई महाराष्ट्रात पुष्कळ असणार, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती आणि मी सांगितलंही नाही. ते स्वतःच एकदा म्हणाले, "मास्तर, तो आवाज म्हणे ना सिपाही गजानन, तं मले वाटलं कोणी आपल्या घरातूनच हाक मारून राहिलं." मी मान हलवली. माझी तर्कबुद्धी अशा वेळी फारशी उपयोगाची नसते.

वर्षाने कैदी सुटून आले. गजानन त्यांत नव्हता. "मागं राहिला असन," श्रावणजी म्हणाले. "नाव तं घेतलं होतं ना." मग सरकारी कागद आला. मुलगा मृत मानण्यास बापाची हरकत नाही, अशी सही हवी होती. श्रावणजींनी तो घडी करून मागाच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला. त्यानंतर अध्यक्षसाहेब आले. वीरपित्यांच्या सत्काराची त्यांची यादी तयार होती, फक्त या एका सहीसाठी अडली होती.

"श्रावणजी, नुसत्या बेपत्ताचा सत्कार कसा करणार हो?" ते कळकळीने म्हणाले.

"मंग नका करू," श्रावणजी म्हणाले.

त्याच सुमारास वर्ध्याजवळचं ते कुटुंब भेटायला आलं. बाप, आणि सुटून आलेला मुलगा. मुलाने श्रावणजींच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी त्याला उठवलं आणि आधी त्याचे दोन्ही दंड चाचपून पाहिले. मग विचारलं, "आमचा गजानन दिसला काय गा कुठं?" मुलाने खाली पाहून नकाराची मान हलवली. निघताना बापाने मला सहज सांगितलं की त्यांना दोन कार्डं आली होती, एक आमचं आणि दुसरं अमरावतीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. तेही रोज याद्या उतरवीत.

मी त्या पोस्टमास्तरांना पत्र लिहिलं, जानेवारीतली ती तारीख कळवून. श्रावणजींना सांगितलं नाही. आठ दिवसांत सुवाच्य अक्षरात संपूर्ण यादी आली. सिपाही गजानन, त्याच्या बापाचं नाव, सातारा जिल्ह्यातलं एक गाव. दुसराच गजानन.

ती यादी मी तीन दिवस खिशात बाळगली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून दाखवली. सोनाबाई उठून आत गेल्या. श्रावणजींनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, आणि त्यांनी जे विचारलं त्यासाठी मी तयार नव्हतो.

"मंग त्या सातारवाल्याच्या घरी आपलं कार्ड गेलंच नाही?"

"नाही."

"वर्षभर तो माणूस..." ते थांबले. "लिवा."

या वेळी मजकूर वेगळा होता. 'तुमच्या मुलाचं नाव रेडिओवर आलं होतं. त्या वेळी आमचा दोरा तुटला आणि माझा हात थांबला, म्हणून तुम्हाला कळवता आलं नाही. माफी असावी. आमचाही गजानन तिकडेच होता.' मी एक अक्षर बदललं नाही. कार्ड पेटीत टाकून परत आलो, तेव्हा कोनाड्यातला सरकारी कागद खाली काढलेला होता. श्रावणजींनी माझं पेन मागून घेतलं आणि सही केली. फार सावकाश केली.

सत्कार झाला. अध्यक्षसाहेब पाऊण तास बोलले. लाईन एकदाही गेली नाही. श्रावणजी शाल मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसले होते, आणि त्यांची बोटं तिचा पोत तपासत होती. घरी येताना एवढंच म्हणाले, "गिरणीची आहे."

पंधरवड्याने साताऱ्याहून उत्तर आलं. ते मी सोनाबाईंच्या देखत वाचलं. मुलगा सुखरूप परत आला होता. कैदेत असल्याचं पलटणीनेच कळवलं होतं, तेव्हा माफी कसली मागता, असं त्या गृहस्थाने लिहिलं होतं. मुलाचं लग्न ठरत होतं, नागपूरकरांनी आशीर्वाद द्यायला यावं. आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: 'आपला गजानन कसा आहे?'

मी कार्ड खाली ठेवलं. मी म्हटलं, "याला उत्तर नाही लिहिलं तरी चालेल."

"काहून? लग्नघर आहे त्यायचं," श्रावणजी म्हणाले. त्यांनी सोनाबाईंकडे पाहिलं. सोनाबाईंनी पदर तोंडाशी धरून होकाराची मान हलवली.

"लिवा मास्तर," ते म्हणाले. "बरा आहे म्हणा."