सतरंजीवर एस्तेरची जागा

एस्तेर गेल्याची बातमी मला उलटी कळली. आधी ती येऊन गेल्याचं कळलं, मग वारल्याचं. जुन्या जालन्यात मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानांची शटरं उघडायच्या आधी, एका आडत दुकानाच्या ओट्यावर आमची सतरंजी पडायची. त्या सकाळी मी पोचले तर सतरंजी पसरलेली, रस्त्यावर राहणारी आमची नेहमीची मंडळी बसलेली, आणि एस्तेरचा मात्र पत्ता नाही. गफूरचाचा, जो आपल्या मोडक्या हातगाड्यावरच राहतो आणि सतरंजीही तोच सांभाळतो, त्याला विचारलं. म्हणाला, "अभी तं इथंच व्हती बाई. बसली, बोल्ली काईच न्हाई, अन् उठून गेली." मी मनात चरफडले. भाकरीचा डबा न आणता आलीच कशाला ही बया? तेवढ्यात तिच्या मुलाचा, सायमनचा फोन आला. "मावशी, आई गेली... पहाटेच. झोपेत." मी फोन कानाला लावून त्या सतरंजीकडे बघत राहिले. गफूरचाचाला काही सांगायची हिंमत झाली नाही.

आता पहिल्यापासून सांगते. मी आणि एस्तेर अंबडच्या एका शाळेत शिकवायचो, जालन्याहून एसटीनं जाऊन-येऊन. आम्ही बौद्ध, ती ख्रिस्ती. आमच्या घरातून देवदेवस्की आणि भूतखेतं आजोबांनी धर्मांतराच्या वेळीच बाहेर काढली होती, त्यामुळे तिच्या प्रार्थनांची मी यथेच्छ टिंगल करायची. ती हसायची आणि म्हणायची, "कर गं बाई, प्रभूला सवय आहे." पण एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात पाहिली. एसटीत ज्या माणसाच्या शेजारची जागा सगळे टाळत, कपड्यांना वास येतो म्हणून, बडबडतो म्हणून, नेमकी तिथंच जाऊन ही बसायची. मला जागा धरून ठेवलेली असली तरी! भांडणं व्हायची आमची त्यावरून.

निवृत्तीनंतर तिनं मोंढ्यातलं हे बसणं सुरू केलं. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना आधी वाटलं, जेवणाची पाकिटं वाटू, बॅनर लावू, फोटो काढू. एस्तेरनं चर्चच्या आवारातच सगळ्यांना झापलं. वाटायचं नाही, सोबत बसून खायचं. भाकरी, बेसन, ठेचा, जे आपल्या घरी शिजलं ते. उपदेश नाही. आणि नाव विचारायचं नाही. आपलं सांगायचं आणि गप्प बसायचं. समोरचा देईल तेव्हा घ्यायचं, आणि कागदावर उतरवायचं तर अजिबात नाही, कारण मागे कुणीतरी नावं लिहून नेली होती आणि पाठोपाठ पालिकेची गाडी येऊन सगळ्यांना गावाबाहेर सोडून आली होती. मी ख्रिस्ती नाही, पण जायला लागले. का, ते विचारू नका. घरी बसून करणार काय होते?

तिथं एक म्हातारी असायची. अंगाभोवती पोतं गुंडाळून बसलेली, म्हणून सगळे तिला पोतेवाली म्हणत. कुणाशी बोलायची नाही, कुणी दिलेलं खायची नाही, फेकलेलं तेवढं वेचून खायची. एस्तेर तिच्या शेजारी, डावीकडे बसायची, आपलं नाव सांगायची, आपली भाकरी खायची आणि उठायची. असे कितीतरी महिने गेले. मग एका सकाळी म्हातारीनं एस्तेरचा कान धरून जवळ ओढला आणि त्यात काहीतरी पुटपुटली. एस्तेरचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून एस्तेरनं वाकून तिच्या कानात ते नाव घ्यायचं आणि मगच म्हातारीनं भाकरीला हात लावायचा, असा रिवाजच पडला. मी खूप मागे लागले, "सांग की गं, काय नाव आहे?" तर म्हणे, "तिनं ते मला दिलंय, सुनंदा. तुला पाहिजे तर तिच्याकडून घे." मला राग आला होता. एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीपासून काय लपवायचं?

दफनाला आम्ही सगळे गेलो. पाळकसाहेब चांगलं बोलले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी मोंढ्यात गेले, मंडळीतल्या दोघी सोबत होत्या. सगळे जेवले. म्हातारीनं मात्र डावीकडच्या रिकाम्या जागेकडे मान कलती केली, कान पुढे केला आणि थांबली. पोरगी आईकडून वेणी घालून घेताना थांबते तशी. बराच वेळ. मग समोरची भाकरी घडी घालून माझ्याकडे सरकवली.

रोज तेच. वेचून खाणं तिनं केव्हाच सोडलं होतं आणि आता हेही खाईना. गालाची हाडं वर आली. दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली तर शटरच्या कडीला अशी बिलगली की हात सोडवताना तिचंच मनगट मोडेल अशी भीती वाटली. सायमनला विचारलं, त्याला नाव ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. शेवटी मी मास्तरीण ती मास्तरीणच. हजेरी घेतल्यासारखी तिच्यासमोर नावं घेत बसले. कौसल्या, गोदावरी, चंद्रकला, पार्वती, सुभद्रा... ती माझ्या आरपार बघत होती. एस्तेरचा मला इतका संताप आला! स्वतःबरोबर एका जित्या बाईचा घास घेऊन गेली होती ती.

त्याच रागात मी म्हातारीच्या डावीकडे जाऊन बसायला निघाले, तर गफूरचाचा ओरडला, "ओ बाई! तिथं नका बसू. बाई बसेल हाये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या दिवसापासून तेवढी जागा सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. दाटीवाटीनं बसायचे, मांडीला मांडी लावून, पण सतरंजीच्या त्या तुकड्यावर कुणी वाटीसुद्धा ठेवत नव्हतं. गफूरचाचाचे पाय अधू, तरी तो ते पोटाशी ओढून बसायचा. मी म्हटलं, "चाचा, आपण मिळूनच माती दिली ना तिला?"

"दिली ना. मंग?"

"मग ती इथं कशी?"

"रोज येते. तुम्ही यायच्या आधी येऊन बसते." तो चहात पाव बुडवत होता. "पन नाव न्हाई घेता येत तिला आता. तोंड हालते, आवाज न्हाई निघत. मेलेल्याला न्हाई जमत ते, जित्यालाच घ्यावं लागते. म्हनून तं बसून राह्यली बिचारी."

एव्हाना आजूबाजूची दुकानं उघडली होती. कडक ऊन पडलं होतं, हमालांची ये-जा सुरू होती, तराजूंचे आवाज येत होते, आणि मी त्या रिकाम्या जागेकडे मान वळवू शकत नव्हते. हे सगळं मी मानत नाही. तरी म्हातारीच्या उजवीकडे जाऊन बसले. कुणाला काही विचारलं नाही. "माझं नाव सुनंदा," एवढंच म्हटलं आणि माझी भाकरी खाऊ लागले.

पुढे काही दिवस तसेच गेले. मी नाव सांगायची, खायची, गप्प बसायची. म्हातारीचा श्वास वाजायला लागला होता. सोबतच्या दोघी म्हणाल्या, आता प्रभूवर सोडून द्या. मी म्हटलं, तुमच्या प्रभूला सांगा जरा घाई कर म्हणून.

आणि मग त्या सकाळी म्हातारीनं नेहमीसारखी डावीकडे मान कलती केली. त्या दिवशी मात्र ती ऐकत होती, हे मला स्पष्ट दिसलं. मध्येच हुंकार भरला, मान डोलावली. मग हळूहळू माझ्याकडे वळली. काटकुळ्या बोटांनी माझा कान धरला, खाली ओढला आणि त्यात तिचं नाव ठेवलं. साधंच नाव. माझ्या वर्गात असायच्या त्या नावाच्या मुली. मी तिच्या कानाशी वाकले आणि ते घेतलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, बेसनात बुडवला आणि तोंडात घातला.

मला रडू फुटलं. डोळे पुसून पाहते तर गफूरचाचा कुणाला तरी वाट द्यावी तसा अंग चोरून बाजूला झाला होता. रस्त्याच्या टोकाकडे बघत तो म्हणाला, "चालली बाई."

मी ताडकन उभी राहिले. भूतखेतं न मानणारी, निवृत्त मुख्याध्यापिका, भर मोंढ्यात, पोती उतरवणाऱ्या हमालांच्या देखत ओरडले, "एस्तेर, थांब की गं! अगं, जराशी थांब!"

हमाल वळून बघायला लागले. म्हातारी जेवत होती. आणि गफूरचाचानं इतक्या दिवसांनी त्या जागेवर आपले पाय लांब केले.