शशिकला सिस्टर आणि रक्तातला उजेड

परदेशीपुऱ्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये शशिकला सिस्टरची बावीस वर्षं गेली होती. लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला पुस्तकाचं वेड लागलं, ते भाचीमुळे.

भाची श्रिया भंवरकुआंला कोचिंगला जायची. आत्या तापाने पडली तेव्हा तिने एक जाडजूड हिंदी अनुवाद उशाशी आणून ठेवला. गोष्ट एका अंधाऱ्या शहराची. तिथे सूर्य उगवत नाही. काही मुलींच्या रक्तात उजेड असतो आणि सरकार त्यांचं रक्त काढून दिवे पेटवतं. मिरेल अशीच एक मुलगी. तिला पकडायला आलेला शिपाई ओरिन तिच्याच प्रेमात पडतो. लिहिलेलं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी. शशिकलाने ते दोन दिवसांत संपवलं आणि लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. मग श्रियाने तिला त्या पुस्तकाच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे वयाने सगळ्यांत मोठी तीच, आणि सगळ्यांत भांडखोरही.

वॉर्डबॉय गजानन तिच्याच वयाचा. डब्याच्या वेळी तो म्हणायचा, "क्या सिस्टर, दिवसभर रक्त पुसता आणि जेवताना परत रक्तच वाचता?"

"त्या रक्ताला कारण असतं, गजाननजी. इथे? परवाचा तो पोरगा आठवतो ना, गाडीला कट लागला म्हणून चाकू खाल्ला त्याने. सांगा, ह्यात काय कारण?"

मार्चमधल्या एका दुपारी चार माणसांनी विक्रांत नावाच्या पोराला उचलून आणलं. मोबाईलच्या दुकानात काम करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. दुकानापुढे गाडी लावण्यावरून भांडण झालं होतं. जांघेत चाकू खोल गेला होता आणि रक्त कारंज्यासारखं उडत होतं. शशिकलाने उजवी मूठ थेट जखमेत घातली आणि नस हाडाशी दाबून धरली. "सर्जनला बोलावतो, हात काढू नका," म्हणत डॉक्टर वर ऑपरेशन थिएटरकडे धावले. आणणारी माणसंही पांगली.

पाचच मिनिटांत बाहेर काच फुटली. राहिलेलं काम पुरं करायला तिघं आले होते. एकाकडे तलवार, दोघांकडे डंडे. गजाननने दाराला खांदा लावला. दार ढकललं गेलं आणि डंडा त्याच्या कानावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो भिंतीला घासत खाली बसला.

"हट जा सिस्टर, तेरे से कुछ नहीं," तलवारवाला म्हणाला. पोरगाच होता, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं.

हटायचं म्हणजे मूठ काढायची, आणि मूठ काढली की विक्रांत दोन-तीन मिनिटांत संपला. तिने डाव्या हाताने स्टीलचा ट्रे उचलून पुढे धरला. पहिला वार ट्रेवर खणकला. दुसरा तिच्या हातावर आला. बोटांच्या मुळाशी पातं हाडापर्यंत गेलं, ट्रे पडला, आणि तिने स्वतःच्या तोंडून आईबहिणीच्या शिव्या ऐकल्या. अशा शिव्या तिने जन्मात दिल्या नव्हत्या. तिसऱ्या वारासाठी तो पलंगाला वळसा घालून जवळ आला, तशी तिने शेजारच्या ऑक्सिजनच्या उभ्या सिलिंडरच्या गाडीला सगळ्या ताकदीने लाथ घातली. सिलिंडर त्याच्या नडगीवर आडवा झाला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

तो गुरासारखा ओरडला. गल्लीतली माणसं आत घुसताना पाहून बाकीचे दोघे त्याला टाकून पळाले. डॉक्टर उतरले तेव्हा शशिकलाची मूठ जखमेतच होती. ती त्यांना एकेक बोट धरून सोडवावी लागली.

विक्रांत वाचला. गजाननला चौदा टाके पडले आणि त्याचा उजवा कान कायमचा गेला. शशिकलाच्या डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत.

"तो तलवारवाला पोरगा बाजूच्याच पलंगावर होता," तिने आठवड्याने श्रियाला सांगितलं. "मम्मी मम्मी करत होता. पाणी मागत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, ह्याला देऊ नका. मरू दे साला."

"आत्या, पण ओरिनने पण आधी कितीजणांना..."

"ओरिन पुस्तकात आहे, बेटा."

श्रियाला वाटलं, आत्याचं वाचन सुटलं. पण मेमध्ये दुसरा भाग आला, आणि आत्याने तो गुडघ्यावर टेकवून, उजव्या हाताने पानं उलटत एका रविवारात संपवला. मग ग्रुपवर एका हाताने टाइप करत भलामोठा अभिप्राय टाकला. प्रेमाची प्रकरणं फर्स्ट क्लास. पण तलवार लागल्यावर मिरेल दोन पानं बोलते, ते साफ खोटं. तेव्हा माणसाला शब्द सुचत नाहीत, फक्त शिव्या सुचतात. शिवाय घाव आधी गार लागतो, दुखतं नंतर. म्हणून पाचातला एक तारा कापला.

कुण्या मुलीने विचारलं, "आंटी, आपको कैसे पता?"

शशिकलाने हाताचा फोटो टाकला. मार्चमधला, पट्टी सोडतानाचा, टाके दिसणारा.

दहा मिनिटांत ॲडमिनने फोटो काढून टाकला. खाली लिहिलं, कृपया हिंसक चित्रं टाकू नयेत. शशिकला तीन दिवस त्याच्यावर तणतणत होती.