मागचं दार उघडं ठेवलं

प्रिय अन्वी आणि ईशान,

कोपरखैरण्याचं आपलं तळमजल्यावरचं घर सोडलं, त्या सकाळी सामान टेम्पोत चढल्यावर मी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि मागचं दार उघडंच ठेवलं. टेम्पोवाला म्हणाला, "आजी, पीछे का खुल्ला है." म्हटलं, असू दे. बिल्डिंग पाडणारच होते. ईशान, आंघोळ चुकवून तू पळायचास, तेच ते दार.

माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरात नदीचं पाणी शिरायचं. आई तांदूळ माळ्यावर चढवायची, आम्हाला तिथेच बसवायची आणि खाली येऊन दोन्ही दारं उघडायची. "पुढून आलं तर मागून जाऊ द्यावं. बसवून घेऊ नये."

इथे आम्ही नेमकं उलट केलं. खाडीकडून पाणी येतं म्हणून सोसायटीने मागे पक्की भिंत घातली. भर भरतीत मोठा पाऊस झाला, पाणी गटारातून वर आलं आणि भिंतीआड अडकून बसलं. आपला फ्रिज स्वयंपाकघरात तरंगत होता.

पुढे बिल्डिंग नव्याने बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट मुलगी म्हणाली, तळ मोकळा ठेवा, नुसते खांब. विजेचे मीटर पहिल्या मजल्यावर घ्या, मागची भिंत काढा, अंगणात सिमेंट नको, पाणी जमिनीत मुरू दे. बऱ्याच जणांना खाली दुकानं हवी होती. आम्हा तळमजल्यावरच्यांना वर जायचं नव्हतं. मलाही नव्हतं. आजोबांनी लावलेला कढीपत्ता होता, मागच्या दारातलं ऊन होतं, शिवाय माझे गुडघे.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, तळ मोकळा म्हणजे तुमचंच घर जाणार. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर आधी माझा हात वर."

शेजारच्या पाटीलबाई मूळच्या इथल्याच गावच्या. हात वर करत पुटपुटल्या, "चला, आता म्हातारपनी माडीवर." सगळे हसले. मग एकेक हात वर गेला.

आता मी त्याच जागेवरच्या नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. या घराला मागचं दार नाही. यंदा भरतीच्या पावसात पाणी आलं, खांबांमधून फिरलं आणि ओहोटीबरोबर निघून गेलं. मी वरून बघत होते. कोणाचंच काही भिजलं नाही.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपलं घर आता कुठाय?" तेव्हा मी उगाच वरचा हॉल दाखवला. खरं सांगू? जमीन सुकली की संध्याकाळी आम्ही खाली खुर्च्या टाकून बसतो. माझी खुर्ची मी स्वयंपाकघरात ठेवते. आता तिथे भिंती नाहीत, पण जागा मला बरोबर माहीत आहे.

तुमची,
आजी